छोटा लूप आणि पूर्ण लूप: फॉक्स हंटमधला नव्वद अंशांचा घोळ

फॉक्स हंटसाठी, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर (फॉक्स) दिशा घेत शोधण्याच्या खेळासाठी, घरी अँटेना बनवायला निघालेल्या नव्या हॅमला (हौशी रेडिओवाल्याला) हमखास एक सल्ला मिळतो: "तारेचा लूप कर, हँडीला जोड आणि फिरवत राहा. आवाज मोठा येईल तिकडे लूपचं तोंड, आणि तिकडेच फॉक्स." हँडी म्हणजे हातात धरायचा रेडिओ. लूप केवढा, बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) कोणता, फीड (लूपला रेडिओ जोडायची जागा) कुठे, याबद्दल एक शब्द नाही. हा सल्ला एका लूपला लागू पडतो आणि दुसऱ्या लूपवाल्याला बरोबर काटकोनात भलतीकडे पळवतो. वर्षानुवर्षं तोच सल्ला, तीच आकृती पुढे सरकते आहे, म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. लूपमधून आरपार पाहता येतं ती बाजू म्हणजे तोंड. लूप ताटासारखा उभा धरला की नुसती किनार दिसते ती कड.

पूर्ण लूप बहुतेकांना ओळखीचा आहे. २ मीटर बँडवर क्वाड, म्हणजे चौकोनी लूपांची अँटेना, बांधली असेल तर तिचा प्रत्येक चौकोन म्हणजे पूर्ण लूपच. परीघ साधारण एक तरंगलांबी, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झला सुमारे २.१ मीटर, एक बाजू जेमतेम ५३ सेंटीमीटर. हा तोंडाने ऐकतो. मागे रिफ्लेक्टर, म्हणजे लाट परतवणारा दुसरा लूप, लावला की एकाच तोंडाने ऐकतो. याबद्दल जास्त सांगायची गरज नाही.

छोटा लूप म्हणजे ज्याचा परीघ तरंगलांबीच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. ८० मीटर बँडवर, ३.५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ८५ मीटरच्या घरात, त्यामुळे ३० सेंटीमीटर व्यासाचं कडं तिथे अगदीच चिमुकलं. हा लूप कडेने ऐकतो आणि तोंडाने बहिरा असतो. म्हणजे पूर्ण लूपच्या नेमकं उलट.

असं का होतं हे कळलं की पाठ करावं लागत नाही. छोट्या लूपमध्ये सगळ्या तारेत एका क्षणी एकाच दिशेने, सारखाच प्रवाह फिरतो. त्यामुळे डाव्या उभ्या बाजूत तो वर जात असेल तर उजव्या बाजूत खाली येतो. तोंडासमोरून आलेली लाट दोन्ही बाजूंना एकाच वेळी पोचते, दोन्हींत सारखाच व्होल्टेज तयार करते, आणि ते दोन व्होल्टेज लूपच्या वाटेवर एकमेकांविरुद्ध पडून कटतात. कडेकडून आलेली लाट मात्र एका बाजूला जरा आधी, दुसरीला जरा उशिरा पोचते. त्या किंचित फरकाची जी बाकी उरते, तोच आपला सिग्नल. छोटा लूप इतका मंद ऐकतो त्याचं कारणही हेच.

पूर्ण लूपमध्ये तार इतकी लांब आहे की अर्ध्या वाटेवर प्रवाह उलटतो. परिणाम असा की समोरासमोरच्या दोन बाजूंत तो एकाच दिशेने वाहतो, जणू दोन डायपोल (मध्यावर फीड दिलेल्या सरळ तारा) शेजारी उभे आहेत. तोंडाकडच्या लाटेला इथे बेरीज मिळते, वजाबाकी नाही.

खात्री करायची असेल तर हँडीची गरजच नाही. घरातला जुना ट्रान्झिस्टर घ्या, मीडियम वेव्हवर जवळचं आकाशवाणी केंद्र लावा. पुणेकरांनी ७९२ किलोहर्ट्झ लावून पाहावं. आतला फेराइट रॉड हा छोटाच लूप आहे, फक्त तारेची कडी रॉडभोवती गुंडाळलेली. रॉडची दिशा म्हणजे लूपच्या तोंडाची दिशा. रेडिओ आडवा ठेवून हळूहळू फिरवा. एका जागी आवाज ढासळून खरखर वर येईल. तेव्हा रॉडचं टोक थेट मनोऱ्याकडे रोखलेलं असतं.

आता खरी अडखळायची जागा. लूप कडेने ऐकतो हे समजल्यावरही लोक कड फिरवत मोठा आवाज शोधत बसतात. छोट्या लूपवर मोठा आवाज शोधायचाच नसतो, शांतता शोधायची असते. आकडेच पाहा. सर्वांत मोठ्या आवाजाच्या दिशेपासून १० अंश सरकलात तर सिग्नल ०.१३ डेसिबलने उतरतो, २० अंश सरकलात तर अर्ध्या डेसिबलने. हे कानाला कळत नाही, मीटरलाही नाही. उलट नलच्या, म्हणजे सिग्नल जवळपास नाहीसा होतो त्या, दिशेपासून ५ अंशांवर सिग्नल कमालपेक्षा सुमारे २१ डेसिबल खाली असतो आणि १० अंशांवर १५ डेसिबल. पाच अंशांत सहा डेसिबलचा फरक, म्हणजे एस-मीटरचं (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरचं) जवळपास एक पूर्ण घर. कमाल आवाजाचा डोंगर पठारासारखा सपाट आहे, नलची दरी मात्र सुरीने कापल्यासारखी. ट्रान्झिस्टरवरही एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) मोठ्या आवाजातले फरक सपाट करून टाकतं, दरी तेवढी शिल्लक राहते.

यावर कुणीतरी म्हणतं, मग पूर्ण लूपही कडेने बहिरा असेलच, त्याचाही नल वापरू. इथे फीडची जागा आडवी येते. चौकोनी पूर्ण लूपला खालच्या बाजूच्या मध्यावर फीड दिला तर पोलरायझेशन (लाटेतलं विद्युत क्षेत्र ज्या दिशेने डोलतं ती) आडवं, आणि कडेच्या दिशेने खरंच खोल नल मिळतो. पण रबर डक (रबरी आवरणाची आखूड अँटेना) लावून उभ्या ठेवलेल्या हँडीचा फॉक्स उभ्या पोलरायझेशनचा असतो, त्यासाठी फीड उभ्या बाजूच्या मध्यावर द्यावा लागतो. मग दोन उभ्या बाजू पाव तरंगलांबीच्या अंतरावर, एकाच दिशेने चालणाऱ्या. कडेकडून आलेला सिग्नल तोंडाच्या तुलनेत फक्त ३ डेसिबलने कमी. ही दरी म्हणायच्या लायकीची नाही. एकटा पूर्ण लूप घेऊन उभ्या पोलरायझेशनचा फॉक्स शोधू नका. रिफ्लेक्टर लावा, नाहीतर यागी (एका दांडीवर समांतर काड्या लावलेली, एकाच दिशेला ऐकणारी अँटेना) घ्या. छोट्या लूपला फीडच्या जागेचं असं बंधन नाही. तो उभा धरला की उभ्या लाटेला ऐकतो, फीड खाली असो की बाजूला.

सर्वांत जास्त चीड येते ती एकाच मापाचं कडं दोन्ही बँडना चालवण्याची. ८० मीटरवर सुरेख चालणारं ते ३० सेंटीमीटरचं कडं १४५ मेगाहर्ट्झवर नेलं की त्याचा ९४ सेंटीमीटरचा परीघ जवळपास अर्धी तरंगलांबी होतो. आता फीडपाशी प्रवाह क्षीण, समोरच्या बाजूला जोरदार. दोन्ही सारखे नाहीत, मग कटणार काय? हे कडं छोटंही नाही आणि पूर्णही नाही. २ मीटरवर खरा छोटा लूप हवा असेल तर व्यास सहा सेंटीमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. लूपची आकृती देताना फ्रिक्वेन्सी आणि परीघ लिहिला नसेल तर ती आकृती कुणालाही पाठवू नये.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. गोल की चौकोनी, तांब्याची नळी की कोॲक्स (भोवती जाळी असलेली केबल), याने फारसं बिघडत नाही. कोॲक्सच्या जाळीचं शील्ड करणार असाल तर फीडच्या समोर जाळीत फट सोडा, नाहीतर ते बंद कडं होऊन लूपच मरतो.

नल दोन असतात, पुढे आणि पाठीमागे, म्हणून छोटा लूप रेषा देतो, बाजू देत नाही. त्यासाठी शेजारी उभी सेन्स दांडी, म्हणजे एक साधी दांडी-अँटेना, लागते. तिचा सिग्नल लूपच्या सिग्नलशी फेज जुळवून मिसळला की बदामासारखा पॅटर्न मिळतो, आणि त्याचा नल लूपच्या नलपासून ९० अंशांवर येतो. क्रम असा: आधी सेन्स बंद ठेवून रेषा पक्की करायची, मग सेन्स लावून काटकोनात वळून बाजू पाहायची. सेन्स चालू ठेवूनच दिशा मोजणारे स्वतःचं नुकसान करतात, कारण तो नल बोथट असतो. जागतिक स्पर्धांच्या नेहमीच्या शर्यतीत पाच फॉक्स आळीपाळीने एकेक मिनिट मोर्सवर बोलतात, तेव्हा ही दोन पावलं त्या मिनिटात बसवायची सवय लागते.

माझी निवड स्पष्ट आहे. ८० मीटरवर फेराइट किंवा छोटा लूप, कारण एवढ्या लांब लाटेला इमारती फारशा अडवत नाहीत. विजेच्या तारा आणि कुंपणांपासून मात्र चार पावलं लांब उभं राहून मोजावं. २ मीटरवर पीव्हीसी पाइप आणि स्टीलच्या मेजरिंग टेपची तीन एलिमेंटची यागी: रिफ्लेक्टर (मागची काडी) सुमारे १०५, डायरेक्टर (पुढची) ८९ सेंटीमीटर, मधल्या, फीड जोडलेल्या ड्रिव्हन एलिमेंटचे दोन तुकडे ४५-४५ चे. ड्रिव्हन एलिमेंट रिफ्लेक्टरपासून २० आणि डायरेक्टरपासून ३२ सेंटीमीटरवर. पेठांमधल्या भिंतींवरून परतलेल्या लाटा छोट्या लूपची दरी भरून टाकतात, यागीचा रुंद डोंगर त्यातूनही वाट दाखवतो. हंटच्या फॉक्सचं पोलरायझेशन विचारून घ्या आणि एलिमेंट तसे उभे किंवा आडवे धरा. स्पर्धेत २ मीटरचे फॉक्स आडवे असतात.

फॉक्सच्या अगदी जवळ गेल्यावर दोन्ही अँटेना एकाच कारणाने फसतात. हँडी स्वतःच्या प्लास्टिकच्या बॉडीतून थेट सिग्नल घेते आणि फिरवाल तिकडे मीटर शेवटाला चिकटतो. तेव्हा ट्युनिंग १० ते १५ किलोहर्ट्झने बाजूला करा, किंवा हँडी ड्युअल बँड असेल तर ४३५ मेगाहर्ट्झवर जाऊन १४५ चा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीवर उमटणारा क्षीण सिग्नल) ऐका. तोही जड वाटू लागला की अँटेना काढा, हँडी छातीशी धरा आणि जागच्या जागी गोल फिरा. सिग्नल सर्वांत कमी होईल तेव्हा फॉक्स तुमच्या पाठीमागे आहे.