कैदी मातांच्या मुलांचे संगोपन

आई तुरुंगात असताना तिच्या अल्पवयीन मुलांचा सांभाळ, शिक्षण आणि आईशी असलेले नाते टिकवण्यासाठी आप्त, शासन व स्वयंसेवी संस्था जी व्यवस्था करतात, तिला कैदी मातांच्या मुलांचे संगोपन म्हणतात. या मुलांचे दोन गट पडतात : आईबरोबर बराकीत राहणारी आणि बाहेर राहिलेली. कायद्याचे लक्ष प्रामुख्याने पहिल्या गटाकडे गेले आहे. दुसरा गट कितीतरी मोठा असूनही बहुतेक नोंदींबाहेरच राहतो.

आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी दिलेल्या निकालानुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. त्याला कैदी मानता येत नाही. आहार, औषधोपचार, पाळणाघर व बालवाडी हा त्याचा हक्क ठरतो. जन्म तुरुंगात झाला, तरी जन्मस्थान म्हणून तुरुंगाची नोंद न करता केवळ त्या परिसराचा पत्ता लिहावा, असेही निकालात म्हटले आहे. पुढे शाळेच्या दाखल्यापासून लग्नापर्यंत पाठलाग करणारा कलंक एवढ्या एका ओळीने टळतो. सहा वर्षांनंतर मूल आईच्या इच्छेनुसार नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशात १,५३७ स्त्री-कैद्यांजवळ १,७६४ मुले होती आणि त्यांतील बहुतेक माता कच्च्या कैदी, म्हणजे दोष सिद्ध न झालेल्या होत्या.

बाहेरच्या मुलांचा प्रश्न गरीब वस्तीत अधिक बिकट होतो. वडोदऱ्यात मध्यवर्ती कारागृह जेल रोडवर, भर शहरात आहे. तरीही भेटीच्या दिवशी रोजंदारी बुडवून नातवंडांना तिथवर नेणे अनेक आज्यांना परवडत नाही. गुजरातेत दारूबंदी असल्याने गावठी दारू विकून घर चालवणाऱ्या स्त्रियाही पकडल्या जातात. जामीन मंजूर झाला, तरी जामीनदार न मिळाल्याने सुटका लांबते. तेवढ्या काळात धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा सुटते. ज्या संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच्या राजधानीत ही शाळागळती विशेष सलते.

खरा आधार बहुधा आजी किंवा मामीच देते, म्हणून मदत तिच्या हातात पोहोचणे महत्त्वाचे. ‘मिशन वात्सल्य’ योजनेत पात्र मुलाला घरीच ठेवून दरमहा ४,००० रुपये प्रायोजकत्व साहाय्य मिळू शकते. शहरी कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ९६,००० रुपये आहे. त्यासाठी जिल्हा बालसंरक्षण घटकाकडे अर्ज करावा लागतो. वडोदऱ्यात घरात मराठी बोलणाऱ्या आणि देवनागरीपुरतेच वाचता येणाऱ्या आजीला गुजराती लिपीतला अर्ज भरणे जड जाते. अशा वेळी शेजारचा शिक्षक किंवा अंगणवाडी ताई जी तासभर मदत करते, ती एखाद्या देणगीपेक्षा मोलाची ठरते. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळाप्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातील कलम १४ फारसे कुणी सांगत नसल्याने पालक आल्या पावली परततात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आईचा जामीन लवकर झाला, तर मुलाचे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

स्त्री-कैद्यांच्या वागणुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये स्वीकारलेल्या बँकॉक नियमांनुसार स्त्रीला तुरुंगात दाखल करतानाच तिच्या मुलांची नावे, वये आणि ती बरोबर नसल्यास कुठे व कुणाच्या ताब्यात आहेत, हे लिहून घ्यायचे असते. दाखल होण्यापूर्वी मुलांची सोय लावण्यासाठी तिला अवधी देण्याचीही त्यात तरतूद आहे. ही नोंद त्याच दिवशी बालकल्याण समितीकडे, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्हा समितीकडे गेली, तर आई घरी परतली नाही त्या पहिल्या रात्रीच कुणीतरी त्या मुलांच्या दाराशी जाऊ शकते.