हातमोजा तेलात का फुगतो?

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतली वर्कशॉप असोत की नंदेसरीतले केमिकल कारखाने, एक समज सगळीकडे आहे: हातमोजा जितका जाड, तितका हात सुरक्षित. जाडी नंतर बघा, आधी विणलेल्या मोज्यावर लेप कशाचा आहे ते विचारा.

लॅटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर. त्याच्या लांबलचक साखळ्या फक्त कार्बन आणि हायड्रोजनच्या. मशीन ऑइल, ग्रीस, डिझेल यांचे रेणूही जवळजवळ तसेच. त्यामुळे तेल साखळ्यांमध्ये सहज शिरतं आणि त्यांना दूर लोटतं. गंधकाने साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून रबर विरघळत नाही, पण फुगतं, मऊ पडतं आणि विणीपासून सुटून त्याचे पापुद्रे निघतात.

नायट्राइल या कृत्रिम रबरात ब्युटाडाइनला अ‍ॅक्रिलोनायट्राइल जोडलेलं असतं. त्यातल्या कार्बन-नायट्रोजनच्या तिहेरी बंधात नायट्रोजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. एका टोकाला किंचित ऋण, दुसऱ्याला किंचित धन प्रभार येतो. शेजारच्या साखळ्या त्यामुळे एकमेकींना घट्ट धरून राहतात आणि अशी प्रभाराची टोकं नसलेल्या तेलाला आत वाव मिळत नाही. अ‍ॅक्रिलोनायट्राइल वाढवलं की तेलाला विरोध वाढतो, पण थंडीत लेप कडक होतो. आता अ‍ॅसिटोन घ्या. तो स्वतःच ध्रुवीय, म्हणजे त्यालाही अशी प्रभाराची टोकं आहेत, त्यामुळे नायट्राइलमध्ये शिरतो आणि तेलाला दाद न देणारा तोच मोजा फुगतो!

खात्री करायची तर जुन्या मोज्याच्या तळव्यातून दोन सारख्या पट्ट्या कापा. एक रात्रभर तुमच्याच कामाच्या तेलात बुडवा, सकाळी पुसून कोरड्या पट्टीशेजारी ठेवा. लांबी वाढली किंवा नखाने लेप उचकटला, तर तो मोजा त्या कामाचा नाही.

तेलकट पकडीसाठी सँडी नायट्राइल, म्हणजे वाळूसारख्या खरखरीत लेपाचा मोजा घ्या, त्याच्या खरखरीत खळग्यांत तेल सरकतं आणि रबर धातूला टेकतं. बारीक जुळणीला पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप छान, पण त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून तेल झिरपतं. पत्र्याच्या कामाला ईएन ३८८ या युरोपीय मानकाचं चिन्ह वाचा. ४एक्स४२सी असं छापलेलं असेल, तर शेवटचं अक्षर कापाचं: ए ते एफ, सी म्हणजे कापायला किमान १० न्यूटन बळ. दुसरी जागा गोल पात्याच्या काप चाचणीची (इथे एक्स). तिथे अंक असला तरी काचतंतूच्या विणीत त्यावर विसंबू नका, कारण त्या चाचणीत पातंच बोथट होतं. कापरोधक एचपीपीई (खास मजबूत पॉलिइथिलीन) धागा १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो, गरम कास्टिंगला तो नको.

दुकानातल्या ‘केमिकलप्रूफ’ शब्दाला भुलू नका. फक्त तळव्याला लेप असेल तर पाठीवर पडलेलं आम्ल विणीत मुरून कातडीलाच चिकटून बसतं. ‘रबर आहे, शॉक लागणार नाही’ हाही जीवघेणा भ्रम. विजेच्या कामासाठी खास प्रमाणित विद्युतरोधक हातमोजेच लागतात.

ड्रिल आणि लेथवर मात्र कुठलाच हातमोजा नको. फिरत्या स्पिंडलमध्ये कडेचा एक धागा अडकला, तरी हात आत ओढला जातो.