आमच्या साउंड लेव्हल मीटरमध्ये लॉग श्रेणीची तीनच पदे का?

(भोसरीच्या वर्कशॉपमधून, ग्राहकांच्या माहितीसाठी)

कारखान्यांतले सेफ्टी ऑफिसर असोत की पुण्यातल्या कॉलेजांच्या लॅबमधली मंडळी, मीटर घेताना हमखास विचारतात, "डेसिबलला लॉग लागतो. तीन पदांत तो नीट कसा निघेल?" प्रश्न रास्त आहे.

पाठ्यपुस्तकातली टेलर श्रेणी अशी (लॉग म्हणजे इथे नैसर्गिक लॉग):

लॉग(१+क्ष) = क्ष − क्ष²/२ + क्ष³/३ − क्ष⁴/४ + …

साइन-कोसाइनच्या श्रेणीत छेदात फॅक्टोरियल असते, इथे नुसते २, ३, ४. त्यामुळे पदे उतरतात ती मुख्यतः क्षच्याच जोरावर. क्ष ०.१ असेल तर ०.१, ०.००५, ०.०००३३३, ०.००००२५ अशी भराभर. क्ष १ असेल तर मात्र १, १/२, १/३, १/४… दहा पदांनंतरही उत्तर ०.६४५६, खरे ०.६९३१. म्हणजे ध्वनिदाब दुप्पट झाल्यावर मीटरने ६.०२ डेसिबल वाढ दाखवायला हवी, तिथे ५.६१ दिसेल! क्ष १ च्या पुढे गेला की पदे शेवटी वाढतच जातात. तिथे कितीही पदे घेऊन उपयोग नाही.

म्हणून आम्ही पदे वाढवत नाही, संख्याच १ च्या जवळ आणतो. चिप तिला २ ने भागत किंवा गुणत ०.७०७ ते १.४१४ च्या दरम्यान आणते. उरलेल्या म या संख्येसाठी य = (म−१)/(म+१) धरले की

लॉग म = २(य + य³/३ + य⁵/५ + …)

सम घातांची पदे कटतात आणि य ०.१७१६ च्या वर जात नाही. दुसरे पद पहिल्याच्या शंभराव्या हिश्श्याहून लहान, तिसरे दुसऱ्याच्या पन्नासाव्याहून.

१ पास्कल दाबाचेच घ्या. तो २० मायक्रोपास्कलच्या (म्हणजे ० डेसिबल धरलेल्या दाबाच्या) ५०,००० पट. सोळा वेळा २ ने भागल्यावर ०.७६२९ उरते, य येतो −०.१३४४७. तीन पदांतून −०.२७०५८ मिळतात, त्यात २ च्या लॉगची, म्हणजे ०.६९३१४७ ची, सोळा पट मिळवली की १०.८१९७८. त्याला ८.६८५९ ने (२० भागिले १० चा लॉग) गुणले की डेसिबलमध्ये ९३.९८. तीन पदांनंतर सुटते ते जास्तीत जास्त ०.००००११ डेसिबल, आणि आमचा डिस्प्ले दाखवतो ०.१ पर्यंत.

तेव्हा रीडिंगची शंका आली, तर आधी मायक्रोफोन पाहा. ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर लावा. आकडा जुळला नाही, तर मीटर आमच्याकडे घेऊन या.