आजीची घागर आणि रायफलचं काडतूस

1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मारलं, तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर सगळेच रायफलतज्ज्ञ झालेत. परवा एकानं मोबाईल पुढं केला, "भावा हे बघ, अमेरिकेत लोक रिकामी काडतुसं घरीच परत भरत्यात, आपल्या पोरांनीबी भरली तर खर्च निम्मा हुईल की."

नाही होत. एक तर आपल्याकडं 1959 च्या शस्त्र कायद्यानं लायसनशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. दुसरं, या खेळात चालते ती 5.6 मिलिमीटरची रिमफायर गोळी, तिचं पेट घेणारं मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत असतं आणि पिन ती कडच चेपते. चेपलेली कड सरळ करून परत भरणं घरच्या टेबलावर जमणारं काम नव्हे. तिकडं भरतात ती मोठ्या रायफलची सेंटरफायर, तिच्या बुडात मधोमध प्रायमरची, म्हणजे पेट घेणाऱ्या मिश्रणाची, वेगळी टोपी असते, ती बदलता येते.

तिकडचे हौशी काडतूस भरायला आधी साधा सिंगल स्टेज प्रेस, म्हणजे एका वेळी एकच काम करणारं दांड्याचं यंत्र, घेतात आणि जरा हात बसला की लगेच प्रोग्रेसिव्हची स्वप्नं, म्हणजे दांडा एकदा ओढला की चार कामं एकदम. माझं मत विचाराल तर प्रेस शेवटी बदलावा. आधी चांगला वजनकाटा, कारण तिथं दारूच्या वजनाचा हिशोब 0.1 ग्रेनचा, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅमचा, तांदळाच्या दाण्यापेक्षाही कमी. आणि मग पितळ नरम करायचं मशीन, अ‍ॅनिलिंगचं. हे दुसरं का, ते सांगायला मला जास्त मजा येते.

काडतुसाचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. बार उडाला की आत हवेच्या दाबाच्या चार हजार पटीच्या आसपास दाब होतो, काडतुसाचा पातळ गळा, म्हणजे गोळी बसते ते तोंड, फुगून चेंबरला, म्हणजे रायफलमधल्या काडतुसाच्या जागेला, घट्ट बसतो, त्यामुळं गॅस तोंडावर येत नाही, आणि दाब उतरला की तेच पितळ किंचित आकसतं म्हणून काडतूस सुटून येतं. मग ते डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून परत मूळ मापात आणायचं. फुगणं, दबणं, फुगणं, दबणं, आणि दर खेपेला गळा कडक होत जातो.

कडक का होतो? धातूत अणूंचे थर असतात आणि त्या थरांत चुकीच्या जागी बसलेल्या रांगा असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. धातू वाकतो तो या रांगा सरकतात म्हणून. जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्या आठवा. चारच काठ्या असतील तर नाचत पुढं जातात, पण गर्दी झाली की एकीच्या दोऱ्या दुसरीत अडकतात आणि कुणालाच हलता येत नाही. पितळ ठोकलं की या रांगा वाढतच जातात, एकमेकींत अडकतात, धातू कडक होतो आणि शेवटी गळ्याला उभी चीर. त्याआधीच गळ्याची पकड कमीजास्त झालेली असते, मग गोळीचा वेग दरवेळी वेगळा, नेम कितीही धरा. तापवलं की जुने कण जाऊन नवे, मोकळे कण तयार होतात आणि पितळ परत नरम. तांबट भांडं ठोकताना मधेमधे भट्टीत घालतो ते यासाठीच. शिरोली एमआयडीसीत लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत ना, त्याच तत्त्वावर अ‍ॅनिलिंगची काही मशीनं गळा काही सेकंदांत तापवतात. फक्त गळा आणि त्याच्या खालचा उतार, म्हणजे खांदा हं, बूड नरम झालं तर चार हजार पट दाब तुमच्या गालाशेजारी फुटतो.

आता आजीची घागर. ऐन पावसाळ्यात, कुणी हात न लावता, माळ्यावरच्या पितळी घागरीला काठापासून चीर गेली. भगताला बोलावलं, तो म्हणाला करणी आहे, नारळ, कोंबडं, वर दक्षिणा. माळा होता गोठ्यावरचा. 19 व्या शतकात इंग्रजांच्या भारतातल्या फौजेची काडतुसंही पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की अशीच आपोआप तडकायची, त्याला नाव पडलं सीझन क्रॅकिंग, आणि 1921 साली उलगडा झाला की जनावरांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ठोकल्यामुळं पितळेत अडकून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. घागरीच्या बाबतीत तिन्ही हजर होते.

मी हे आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग म्हशीनं केली म्हण की करणी." दुसऱ्या दिवशी उरलेली पितळी भांडी तिनं गोठ्यावरून काढून घरातल्या फडताळात नेऊन ठेवली.