उसात सापडलेली बिबट्याची पिल्लं: हात लागला तर आई टाकते का?

‘माणसाचा वास लागला की मादी पिल्लाला जवळ घेत नाही’ हा समज खोटा आहे. जुन्नर भागात ऊसतोडीत सापडलेली पिल्लं वनकर्मचारी आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले पशुवैद्य हाताळतात, तपासतात, ओळखीसाठी कातडीखाली मायक्रोचिपही बसवतात. तरी मादी त्यांना तोंडात धरून नेते.

पिल्लं दिसताच तोड थांबवा, मागे सरा आणि १९२६ वर वनविभागाला कळवा. मादी बहुधा जवळच असते. गरज नसताना हात लावू नकाच, पण कारण वासाचं नाही, चवताळलेल्या मादीचं आहे. मादीने न्यावीत म्हणून संध्याकाळी वनकर्मचारी पिल्लं क्रेटमध्ये, शक्यतो सापडली त्याच जागी ठेवतात. झाकण मादीला सहज पाडता येईल इतकंच हलकं. कॅमेरा लावून सगळे लांब जातात. मादी एकेक पिल्लू उचलते, त्यामुळे दुसऱ्यासाठी तिला परत यावं लागतं. एक नेलं म्हणून लगेच तिथे धावू नये.

ही भेट फसते ती बघ्यांच्या गर्दीमुळे आणि बॅटऱ्यांच्या उजेडामुळे. गाईचं दूध तर पाजूच नका: जुलाब होतात, घाईत पाजलेलं फुप्फुसात जातं. शिवाय माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू पुन्हा रानात सोडणं फार अवघड, बहुतेकदा त्याच्या नशिबी जन्मभर पिंजराच येतो.