इंजेक्टर परत बसवताना: ओ-रिंग, सील आणि पहिला स्टार्ट
(जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांसाठी)

तुमचे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) साफ करून आणि तपासून परत पाठवत आहोत. सोबत नव्या सीलचा संच आहे आणि कोणत्या इंजेक्टरने किती द्रव सोडला त्याचा तक्ता आहे. बसवण्याचं काम तुम्ही स्वतः करा किंवा मेकॅनिककडून करून घ्या, पण त्याआधी हे पत्रक वाचा. इंजेक्टर साफ केले तरी गाडी आयडलिंगला स्थिर राहत नाही, असं कुणी म्हटलं की आमचा पहिला प्रश्न खालच्या सीलबद्दल असतो.

दोन सील, दोन वेगळी कामं

इंजेक्टरच्या वरच्या टोकाला, फ्युएल रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या) बाजूला असलेली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, पेट्रोल अडवते. खालचं सील मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) भोकात बसतं आणि बाहेरची हवा अडवतं. वरची ओ-रिंग गळली तर वास येतो, ओल दिसते, आणि कुणीही लगेच बॉनेट उघडतो. खालचं सील गळलं तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. इंजिन चालू असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, त्यामुळे फटीतून हवा आत ओढली जाते. एल-जेट्रॉनिक आणि के-जेट्रॉनिक या जुन्या फ्युएल इंजेक्शन प्रणाली आत येणारी हवा मोजून त्या हिशेबाने पेट्रोल देतात. फटीतून शिरलेली हवा त्या मोजणीतून सुटते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आयडलिंग वरखाली होतं, थंड इंजिन अडखळतं, एखादा सिलिंडर मिसिंग मारतो. मग लोक एअर-फ्लो मीटर (हवा मोजणारा भाग) बदलतात, कधी कंट्रोल युनिटसुद्धा बदलतात, आणि दोष जिथल्या तिथेच राहतो.

खालच्या सीलचं आणखी एक काम असतं. त्याचं जाड रबर तापलेल्या मॅनिफोल्डची उष्णता इंजेक्टरपर्यंत पोचू देत नाही. इंजेक्टर फार तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गरम गाडी पुन्हा स्टार्ट व्हायला त्रास देते. म्हणून मूळ सील जाड असेल, तर त्या जागी साधारण मापाची पातळ ओ-रिंग घालून वेळ मारून नेऊ नका.

संचातल्या ओ-रिंग व्हायटॉन प्रकारच्या रबराच्या आहेत. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला आणि उष्णतेला हे रबर साध्या नायट्राइलपेक्षा चांगलं टिकतं. बाहेरून ओ-रिंग घेणार असाल तर रंगावर जाऊ नका. दोन्ही प्रकार काळ्या रंगातही मिळतात. जुनी ओ-रिंग कितीही चांगली दिसली तरी ती परत वापरू नये.

बसवण्याआधी

इंजिन पूर्ण थंड हवं. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेलमधला दाब उतरतो. ते थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. तरीही थोडं पेट्रोल बाहेर येतंच, म्हणून जोड उघडताना भोवती कापड धरा आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो मॅनिफोल्डच्या भोकांना. जुनं सील कडक होऊन पुष्कळदा तिथेच चिकटून राहतं. ते न काढता त्यावर नवं सील दाबलं, तर इंजेक्टर पूर्ण खाली बसत नाही आणि हवा शिरतेच. आत कापडाचा बोळा कोंबा, लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने खरवडा, कचरा व्हॅक्यूमने ओढून घ्या. स्क्रूड्रायव्हर नको, अ‍ॅल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडासुद्धा गळतीला पुरतो. शेवटी बोळे मोजून बाहेर काढा.

बसवताना

ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा पातळ हात लावा. कोरडी ओ-रिंग पिळवटते किंवा कडेला कापली जाते. सिलिकॉन सीलंट मात्र अजिबात नको: पेट्रोलने तो फुगतो, त्याचे तुकडे सुटतात आणि साफ केलेला इंजेक्टर पुन्हा बुजतो. सील बरोबर मापाचं असेल तर सीलंटची गरजच पडत नाही.

आधी सगळे इंजेक्टर रेलमध्ये सरळ, किंचित फिरवत बसवा आणि क्लिपा लावा. मग रेल सगळ्या इंजेक्टरांसकट एकत्र खाली आणून चारही बाजूंनी सारखी दाबा. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. शेवटी प्रत्येक इंजेक्टर हाताने थोडा फिरतो का ते बघा. अडला असेल तर रेल वाकडी बसली आहे किंवा ओ-रिंग चिमटली आहे. तसंच पुढे जाऊ नका.

काही जुन्या गाड्यांत इंजेक्टरला रबरी पाइप थेट जोडलेला असतो. तो बदलताना ब्लेडने उभा चिरू नका, खालच्या धातूच्या नळीवर चर पडतो. पाइप फ्युएल इंजेक्शनसाठीच बनवलेला घ्या. एल-जेट्रॉनिकमध्ये साधारण २.५ बार आणि के-जेट्रॉनिकमध्ये ५ बारच्या आसपास दाब असतो, कार्ब्युरेटरचा पाइप तिथे चालत नाही. के-जेट्रॉनिकचे इंजेक्टर नुसत्या रबराच्या घट्टपणावर धरलेले असतात, त्यामुळे त्यांची सील सैल असून चालतच नाही.

आणखी एक: इंजेक्टर चालतो का हे बघायला त्याला थेट १२ व्होल्ट देऊ नका. जुन्या गाड्यांतले २-३ ओहमचे इंजेक्टर त्याने जळतात.

पहिला स्टार्ट

इंजिन लगेच सुरू करू नका. आधी बॅटरी जोडून, फ्यूज परत लावून पंप चालवा आणि दाब येऊ द्या. काही एल-जेट्रॉनिक गाड्यांत पंपाचा स्विच एअर-फ्लो मीटरच्या झडपेत असतो. तिथे नुसती चावी फिरवून पंप चालत नाही, चावी ऑन ठेवून झडप हाताने किंचित उघडावी लागते. टॉर्च घ्या, प्रत्येक वरच्या जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. थेंबभर जरी ओल आली तरी तिथेच थांबा. सगळं कोरडं असेल तरच स्टार्ट करा. इंजिन गरम झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा तपासा. काही गळती थंडीत रबर आकसल्यावरच दिसते.

खालच्या सीलची गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर क्लीनरचा स्प्रे मारण्याची पद्धत आम्हाला पसंत नाही. तापलेला एक्झॉस्ट जवळच असतो, स्प्रे पेट घेऊ शकतो. चांगल्या गॅरेजमध्ये धुराची चाचणी (मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या.

अडलं तर फोन करा. गाडीचं मॉडेल, इंजेक्टरवर कोरलेला क्रमांक आणि त्रास थंड इंजिनावर होतो की गरम, एवढं हाताशी ठेवा.