गोष्ट लिहून झाली? आता पात्राचं बघू

नमस्कार ताई, नमस्कार भाऊ. आम्ही लेकरांच्या पुस्तकांची चित्रं काढतो. आमच्या नागपूरच्या धंतोलीतल्या स्टुडिओत येणारा दर दुसरा माणूस विचारतो की कॅरेक्टर डिझाईनचे, म्हणजे गोष्टीतलं पात्र दिसेल कसं ते ठरवायचे, वेगळे पैसे काऊन, चित्रं काढता काढता होऊनच जाते ना ते. नाही होत बाप्पा. म्हणून हे पत्रक.

बहुतेक जण येताना गोष्ट आणतात आणि मोबाईलमधे नेटवरून काढलेले पंधरा-वीस फोटो. फोटो आणा, हरकत नाही, पण आम्हाला त्यापेक्षा कामाचं म्हणजे गोष्टीतलं लेकरू वागतं कसं ते. रागावलं की बोंबलतं का कोपऱ्यात जाऊन बसतं, चपला नीट काढतं का उडवतं, असलं काहीतरी सांगा.

मागे एका ताईंनी तान्ह्या पोळ्याची, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याची, गोष्ट आणली होती, सात वर्षांची मुलगी आणि तिचा चाकावरचा लाकडी नंदी. त्यांची मागणी एवढीच की मुलगी क्यूट पाहिजे, डोळे मोठे. आम्ही विचारलं बोजाऱ्याचे पैसे, म्हणजे नंदी घेऊन दारोदार गेल्यावर मिळतात ते, ती कुठे ठेवते, तर ताई हसायलाच लागल्या, म्हणे मुठीत, खिशावर तिचा भरोसाच नाही, नोट घामाने भिजते पण मूठ सोडत नाही. झालं, पोरगी सापडली आम्हाला! आता तिची उजवी मूठ कायम बंद, दोरी डाव्या हातात, नाक पुसायचं तर मनगटाने, आणि दार वाजवायचं तर कोपराने.

नंदीचं काम जास्त अवघड होतं कारण लाकडाचा बैल ना पाय हलवणार ना तोंड वाकडं करणार, मग तो रुसला हे दाखवायचं कसं? चेहऱ्याला हातच नाही लावला, दोरीवर खेळलो. खुश असला की दोरी ढिली, रुसला की ताठ, आणि एक चाक जरा तिरपं ठेवलं त्यामुळे तो नेहमी एका बाजूला कललेला, कधी ऐटीत वाटतो कधी थकलेला.

एवढं ठरलं की पेन्सिलचे कच्चे स्केच, खूप सारे, छोटे छोटे. त्यातले चार-पाच निवडून आतून पूर्ण काळे भरतो, नुसती सावली. सावलीवरून मुलगी कोण आणि आजी कोण हे कळलं नाही तर डिझाईन परत. मग उंचीचा हिशोब: मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा, म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या साडेसात पट उंच असतो, सहा-सात वर्षांचं पोर सहाच्या आसपास, पण चित्रात आम्ही पोराला तीन-साडेतीन डोक्यांतच बसवतो, गोड दिसतं आणि छोट्या पानावर चेहरा हरवत नाही.

यानंतर पात्र समोरून, बाजूने, पाऊण कोनातून आणि पाठीमागून. हे आम्ही ठेच लागून शिकलो. एका पुस्तकात फक्त समोरचं चित्र ओके करून घेतलं आणि पानं रंगवत सुटलो, तर मुलीच्या डाव्या मनगटावरचा काळा दोरा मधेच उजव्या मनगटावर! आम्हाला दिसलं नाही, लेखकाला दिसलं नाही, त्यांच्या पाच वर्षांच्या पोरीने बरोब्बर बोट ठेवलं. चूक आमचीच, पानं परत आमच्या खर्चाने. चित्रांचं पुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असते, कारण छपाईत एका फॉर्मची, म्हणजे छापून घडी घालायच्या एका मोठ्या कागदाची, १६ पानं धरतात, दोन फॉर्म झाले की ३२. म्हणजे एकच चेहरा पंचवीस-तीस वेळा काढायचा, तोही वेगवेगळ्या कोनातून. आजकाल काही जण एआयने केलेली चित्रं घेऊन येतात, एकेक बघायला मस्त, पण तिसऱ्या पानापर्यंत पोरगी बदललेली असते. मूड समजायला चालेल, त्यावरून थेट पुस्तक नको.

रंगाबद्दल एक सांगून ठेवतो. मोबाईलवर जो संत्र्याचा झगझगीत रंग दिसतो तो छापून तसाच येत नाही, स्क्रीन उजेडाने रंग दाखवते आणि प्रेस चार शाईंनी, त्यामुळे भडक केशरी आणि निळा जरा मरतोच. मॅट कागदावर अजून. म्हणून रंग फायनल करायच्या आधी पुस्तकाच्याच कागदावर एक प्रिंट काढून दाखवतो, तो दिवसाउजेडी खिडकीपाशी नेऊन बघा, ट्यूबलाईटखाली नको.

बदल दोनदा फुकट, पण स्केचच्या टप्प्यावर. पानं रंगायला लागल्यावर "हिला चष्मा देऊ का?" असं वाटलं तर राजेहो, प्रत्येक पान परत उघडावं लागते, त्याचे पैसे लागतील.

चित्रांच्या हक्काचं सुरुवातीलाच कागदावर घेऊ. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशी लागतात, आणि मुदत लिहिलीच नाही तर ती ५ वर्षंच धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या तुम्हाला त्याच नंदीचे स्टिकर काढायचे असतील, दुसरा भाग करायचा असेल, तर आत्ताच सांगा, करारात एक ओळ वाढते फक्त.

येताना गोष्टीचा प्रिंटआउट आणा, आणि जमलं तर ज्या लेकरासाठी लिहिली त्यालाही. उन्हाळ्यात दुपारी शटर अर्धं ओढलेलं असते, वाकून आत या, आम्ही आतच असतो.